मुंबई ते न्यू यॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते न्यू यॉर्क हे हवाई अंतर साधारण 12,550 किलोमीटर आहे. विनाथांबा विमानाला जाताना सुमारे 16 तास लागतात, येताना 14 ते 15. पुण्यातल्या घरातून निघून न्यू जर्सीत एडिसनला मुलाच्या दारात पोचेपर्यंत 27 तास सहज जातात. आणि तिकिटावर मात्र रात्री 1:30 ला सुटून सकाळी 7:00 ला उतरणं लिहिलेलं असतं, म्हणजे वरवर पाहता साडेपाच तास!

हे सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. पहिल्यांदा निघणाऱ्यांचा घोळ होतो तो इथेच. खाली एकेक आकडा कसा काढायचा ते क्रमाने दिलं आहे. उदाहरण मुंबई–न्यू यॉर्कचं असलं, तरी पद्धत कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

पायरी 1: शहर नाही, विमानतळ ठरवा

‘न्यू यॉर्क’ असं शोधलं की तिकिटांची संकेतस्थळं तीन विमानतळ एकत्र दाखवतात: जेएफके, ला ग्वार्डिया आणि नेवार्क. नेवार्क तर न्यू यॉर्क राज्यात नाहीच, ते हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत आहे. एडिसन किंवा जर्सी सिटीला जायचं असेल तर नेवार्क कधीही सोयीचं. एडिसन तिथून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तर जेएफकेहून सव्वा ते दीड तास लागतो, गर्दीच्या वेळी जास्तच. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जाणाऱ्यांनी उलट जेएफके घ्यावं. ला ग्वार्डियावर प्रामुख्याने देशांतर्गत विमानं उतरतात. म्हणून तुमच्या तिकिटात ‘जेएफकेला उतरा, पुढचं विमान ला ग्वार्डियाहून’ असं काही दिसलं, तर ते तिकीट सोडून द्या. मध्ये सामान घेऊन टॅक्सीने शहर ओलांडावं लागेल.

मुंबईच्या बाजूनेही आता हे पाहायला हवं. सहारचा विमानतळ ‘बीओएम’, नवी मुंबईचा ‘एनएमआय’. तिकिटावरची तीन अक्षरं वाचल्याशिवाय टॅक्सी ठरवू नका.

पायरी 2: अंतर काढा

सोपा मार्ग म्हणजे संगणकावर गूगल मॅप्स उघडून एका विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबायचं, अंतर मोजण्याचा पर्याय निवडायचा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारायची. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या संकेतस्थळावर नुसते विमानतळांचे कोड दिले तरी अंतर आणि मार्गाची रेषा दोन्ही मिळतात.

पण एकदा हाताने करून पाहाच. साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो, आणि नंतर कुठलाही आकडा चुकला की लगेच खटकतं.

मुंबई विमानतळ: अक्षांश 19.09 उत्तर, रेखांश 72.87 पूर्व.
जेएफके: अक्षांश 40.64 उत्तर, रेखांश 73.78 पश्चिम.

रेखांशांतला फरक: एक पूर्वेला, एक पश्चिमेला (पश्चिम रेखांश ऋण धरतात), म्हणून बेरीज. 72.87 + 73.78 = 146.65 अंश.
दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: 0.3270 × 0.6513 = 0.2130.
दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांश-फरकाचा कॉस यांचा गुणाकार: 0.9450 × 0.7588 × (−0.8353) = −0.5990.
दोन्हींची बेरीज: −0.3860.
याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹): 112.7 अंश.
पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे सुमारे 111.2 किलोमीटर, म्हणून 112.7 × 111.2 = 12,532 किलोमीटर.

संकेतस्थळं पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी धरून हिशेब करतात, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा वेगळा, 12,550 च्या आसपास येतो. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

चुका बहुधा तीन होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असला की उत्तर भलतंच येतं. पश्चिम रेखांश ऋण धरायला विसरलात तर अंतर 2,400 किलोमीटरच निघतं, कारण तो बिंदू न्यू यॉर्क नसून किर्गिझस्तानात, ओश शहराच्या आसपास पडतो. तिसरी चूक मैलांची. साधा मैल 1.609 किलोमीटरचा, तर विमानचालनातला सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. मुंबई–न्यू यॉर्क साध्या मैलांत साधारण 7,800 आणि सागरी मैलांत साधारण 6,775 भरतं. कुठे ‘6,775 मैल’ दिसलं म्हणून ते विमान जवळच्या रस्त्याने जातं असं नाही.

पायरी 3: विमान प्रत्यक्षात कुठून जातं ते पाहा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईहून न्यू यॉर्कची रेषा अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडत जाते. गोलावर दोरा ताणून पाहा. मुंबईतून तो चक्क उत्तरेकडे, थोडा वायव्येला झुकून निघतो. पाकिस्तान, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोजवळून फिनलंड, मग आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी आणि लॅब्राडॉरवरून खाली न्यू यॉर्क. सगळ्यात उत्तरेचा बिंदू जवळजवळ 65 अंश उत्तर अक्षांशावर येतो. सर्वांत कमी अंतराचा मार्ग तो हाच.

पण आकाश कुणाच्या तरी मालकीचं असतं. 2022 पासून युरोप-अमेरिकेच्या बहुतेक विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. युक्रेनवरून प्रवासी विमानं जात नाहीत, आणि आखातात तणाव वाढला की इराण-इराकवरचे मार्गही बदलतात. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे, मग अरबस्तान, तुर्कस्तान, युरोप असं वळसा घेत जातं. आकाश किती बंद आहे त्यावर हा वळसा 300-400 किलोमीटरचा असतो, कधी त्याहून बराच मोठा. याच कारणाने 2025 मध्ये एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं होतं. असा थांबा आला की प्रवासी सहसा विमानातच बसून राहतात, पण वेळापत्रक दीड-दोन तासांनी लांबतं.

म्हणून नकाशावरचं अंतर हे किमान अंतर समजा. खरा मार्ग पाहायचा असेल तर फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअरवर उड्डाणाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांची रेषा आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ दोन्ही दिसतात. माझ्या मते तिकीट काढण्यापूर्वीची सगळ्यात उपयोगी दहा मिनिटं हीच. एका दिवसाचा आकडा धरू नका, चार-पाच दिवसांचे पाहा.

पायरी 4: अंतरावरून उड्डाणाचा वेळ काढा

बोइंग 777, 787 किंवा एअरबस ए350 ही लांब पल्ल्याची विमानं 10 ते 12 किलोमीटर उंचीवर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच वाहत असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग वाढतो किंवा घटतो.

उत्तर गोलार्धात या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी 150-200 किलोमीटर असणं नवल नाही, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीशी. तो संपूर्ण मार्गभर सारखा नसतो आणि वैमानिकही त्याला टाळत किंवा पकडत जातात, म्हणून सरासरी परिणाम ताशी 40-50 किलोमीटरच्या आसपास धरला तरी हिशेब जुळतो (अंतर वळशासह 12,900 किलोमीटर धरून):

जाताना: 12,900 ÷ 850 = 15.2 तास. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंतचं सरकणं यांचा साधारण 40 मिनिटांचा वेळ मिळवला की जवळजवळ 16 तास.
येताना: 12,900 ÷ 940 = 13.7 तास. त्यात तीच 40 मिनिटं मिळवली की 14 तास 25 मिनिटं.

वाऱ्याची ताकद किती, याचं ठळक उदाहरण 2020 च्या फेब्रुवारीतलं आहे. किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यू यॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. अटलांटिकवरचे हवाई मार्ग म्हणूनच कायमचे ठरलेले नसतात. वारा पाहून ते रोज नव्याने आखले जातात.

तिकिटावर छापलेला वेळ हा निव्वळ हवेतला नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं गेल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा तो सगळा वेळ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक करता येत नाही आणि रांग लागते. जेएफकेवरही उतरल्यानंतर गेटपर्यंत पोचायला बराच वेळ जातो. कंपन्या हे धरूनच थोडा सैल वेळ छापतात. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं, त्यात काही चमत्कार नाही.

पायरी 5: घड्याळांतला फरक

इथे सावकाश वाचा, कारण सर्वांत महागात पडणाऱ्या चुका याच पायरीवर होतात.

भारताची वेळ यूटीसीच्या (जगभरच्या घड्याळांची आधारवेळ) साडेपाच तास पुढे, आणि ती वर्षभर तीच. न्यू यॉर्कची वेळ हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यातला फरक हिवाळ्यात 10 तास 30 मिनिटं, उन्हाळ्यात 9 तास 30 मिनिटं. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. 2026 मध्ये या तारखा 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर.

नियम एकच: दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा. आपल्याला सोयीचं घड्याळ भारताचं.

जाताना: मुंबईहून 15 जानेवारीला रात्री 1:30 ला सुटणं, न्यू यॉर्कला 15 जानेवारीला सकाळी 7:00 ला पोचणं. न्यू यॉर्कचे 7:00 म्हणजे भारतात 17:30. त्यातून 1:30 वजा केले की 16 तास.

येताना: न्यू यॉर्कहून 3 फेब्रुवारीला दुपारी 12:00 ला सुटणं, मुंबईला 4 फेब्रुवारीला दुपारी 1:00 ला पोचणं. सुटताना भारतात 3 तारखेचे रात्रीचे 10:30 झालेले असतात. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी 1:00 पर्यंत 14 तास 30 मिनिटं. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘+1’ असतं ते याच दिवसबदलासाठी.

कॅल्क्युलेटरवर 10.30 टाकू नका. साडेदहा तास म्हणजे 10.5. दशांशात 10.30 लिहिलं की उत्तर 12 मिनिटांनी चुकतं.

मार्गात लंडनला थांबा असेल तर आणखी एक पेच आहे. ब्रिटन घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतं. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा लंडन–न्यू यॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांवर येतो. विमान कंपन्यांची हंगामी वेळापत्रकंही याच सुमारास बदलतात. जानेवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट असेल, तर मार्चच्या शेवटी वेळा पुन्हा तपासा.

रात्री 1:30 ची तारीख

ही चूक सुशिक्षित, फिरलेल्या माणसांकडूनही होते आणि तिच्यापायी विमान चुकतं, म्हणून तिला वेगळी जागा. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तारीख मध्यरात्री 12 ला बदलते. ‘15 जानेवारी, 1:30’ म्हणजे 14 तारखेची रात्र. तुम्हाला 14 तारखेला रात्री 10 च्या सुमारास विमानतळावर हजर व्हायचं आहे. 15 तारखेला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन वीस तास झालेले असतील.

तिकीट हातात आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर आदल्या दिवशीच्या चौकोनात लिहा: ‘14, बुधवार, संध्याकाळी 5:30 ला घर सोडायचं.’ टॅक्सीवाल्याला, पोचवायला येणाऱ्यांना हीच तारीख आणि वार सांगा. 1:30 चा उल्लेखच त्यांच्यापाशी करू नका.

पायरी 6: थांबा घ्यायचा की नाही

आखातातून किंवा युरोपातून गेलं की खूप लांबचा वळसा पडतो, अशी समजूत आहे. आकडे पाहा. मुंबई–लंडन सुमारे 7,210 किलोमीटर आणि लंडन–न्यू यॉर्क 5,540, एकूण 12,750. विनाथांबा अंतरापेक्षा जेमतेम 200 जास्त. मुंबई–दुबई 1,930 आणि दुबई–न्यू यॉर्क 11,000, एकूण 12,930. म्हणजे थांब्यामुळे हवेतला वेळ फारतर अर्ध्या तासाने वाढतो. बाकीचा सगळा वेळ जमिनीवर जातो: मध्ये थांबण्याचा, आणि एकदा जादा उतरण्या-चढण्याचा.

मुंबई–दुबई साधारण सव्वातीन तास, दुबईत तीन तास, पुढे सुमारे 14 तास. एकूण 20 तास 15 मिनिटं. हाच थांबा नऊ तासांचा झाला की प्रवास 26 तासांवर जातो, आणि स्वस्त तिकिटं बहुतेक अशीच असतात.

मधला थांबा किती असावा? एकाच पीएनआरवर असाल तर अडीच ते चार तास उत्तम. दीड तासाचा थांबा कागदावर चालतो, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की पुढचं गाठताना ज्येष्ठ माणसांची फार धावपळ होते. दोन वेगवेगळी तिकिटं काढून जोडू नका. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची काहीच जबाबदारी नसते. थांबा अमेरिकेतच पहिल्या शहरात असेल, समजा शिकागोला, तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि बॅगाही सहसा तिथेच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून तिथे तीन तासांपेक्षा कमी नको. अबू धाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्यापूर्वीच होतं, तेव्हा तिथला थांबा थोडा मोठा घ्या आणि पलीकडे उतरल्यावर वेळ वाचवा. युरोपातून जात असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

गुडघे दुखणारे, साखरेचा त्रास असणारे किंवा इंग्रजीची भीती वाटणारे आई-वडील एकटे निघणार असतील, तर जास्त पैसे देऊन विनाथांबा तिकीट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर मात्र थांब्यांची संख्या शून्य आहे का ते पाहा. एकाच क्रमांकाचं विमान मध्ये उतरत असलं, तरी ते ‘डायरेक्ट’च म्हणवलं जातं.

पायरी 7: दारापासून दारापर्यंत

वरच्याच उदाहरणावर पुण्याहून एडिसनचा हिशेब:

पुणे ते सहार, द्रुतगती मार्गाने, संध्याकाळची गर्दी धरून: साडेचार तास.
विमानतळावर: साडेतीन तास. चेक-इनचे काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी, अमेरिकेच्या उड्डाणांना कधी त्याही आधी बंद होतात.
उड्डाण: 16 तास.
इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स: पावणेदोन तास. एकाच वेळी तीन-चार मोठी विमानं उतरली तर रांग याहून लांबते.
जेएफके ते एडिसन: दीड तास.

एकूण 27 तास 15 मिनिटं. घर सोडलं 14 तारखेला संध्याकाळी 5:30 ला, पोचलात तिथल्या 15 तारखेच्या सकाळी 10:15 ला. पावसाळ्यात घाटात दरड किंवा मुंबईत पाणी साचण्याची शक्यता धरून दोन तास आणखी ठेवा. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरहून येणाऱ्यांनी त्याच दिवशी निघण्यापेक्षा आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

जानेवारीत रात्री 1:30 ला निघालेलं विमान पश्चिमेकडे रात्रीच्या मागे मागेच जातं, आणि जवळजवळ पूर्ण प्रवास काळोखात होतो. खिडकीतून पाहून वेळ कळत नाही. म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन ‘सकाळी-संध्याकाळी’ असं न मोजता किती तासांनी घ्यायचं ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यांना हा 27 तासांचा तक्ता दाखवून. हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि उतरल्यावर बदला, म्हणजे त्या तासांचा हिशेब चुकणार नाही. औषधं हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या बॅगा एक दिवस मागे राहू शकतात.

न्यायला येणाऱ्याला काय कळवायचं

उतरण्याची वेळ स्थानिक घड्याळाने, तारीख आणि वार, उड्डाण क्रमांक, विमानतळ आणि टर्मिनल, एवढं एका निरोपात पाठवा. जेएफकेवर टर्मिनल वेगवेगळ्या इमारतींत आहेत, चुकीच्या ठिकाणी गाडी उभी केली की शोधण्यात अर्धा तास जातो. विमान सुटल्यावर त्यांनी उड्डाण क्रमांक फ्लाइटअवेअरवर पाहावा, छापील वेळेपेक्षा तिथली अंदाजित वेळ जास्त विश्वासाची. विमान गेटला लागल्यावर किमान सव्वा तास तरी बाहेर कुणी दिसणार नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.